रेफरच्या चिठ्ठीवर चालणारी तालुका रुग्णालये

तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात किती खाटा आहेत, इमारत केव्हा बांधली आणि उद्घाटनाला कोण आले होते, यावरून त्या रुग्णालयाचे बळ ठरवण्याची सवय लोकप्रतिनिधींना आणि खरे तर आपल्यालाही लागली आहे. माझ्या मते ते बळ एकाच प्रश्नावर ठरते. कणकुंबी-जांबोटी भागातली अडलेली बाळंतीण रात्री दोन वाजता खानापूरला पोहोचली, तर तिचे सिझर तिथे होईल, की हातात चिठ्ठी देऊन तिला बेळगावला पाठवले जाईल? खानापूरच्या जागी अथणी, रायबाग, सौंदत्ती, रामदुर्ग असे कोणतेही नाव घातले तरी प्रश्न तोच राहतो. बेळगावच्या सीमाभागातली ग्रामीण रुग्णालये सक्षम करायची असतील, तर योजना, निधी आणि आपली आंदोलनेसुद्धा या रात्रीच्या प्रश्नाभोवती उभी करावी लागतील, असे मला ठामपणे वाटते.

जिल्हा अवाढव्य आहे. क्षेत्रफळ १३,४१५ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४७ लाख ७९ हजारांहून अधिक. पश्चिमेला खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्यातली गवाळी, कोंगळा, पास्टोली, आमगाव यांसारखी गावे आहेत. पावसाळ्यात नाल्यांना पाणी आले की तिथे वाहन पोहोचत नाही आणि आजारी माणसाला खांद्यावरून मुख्य रस्त्यापर्यंत आणावे लागते. जुलै २०२४ मध्ये आमगावच्या एका महिलेला गावकऱ्यांनी असेच भर पावसात वाहून आणल्याची बातमी आपण सगळ्यांनी वाचली आणि हळहळलो. उत्तरेकडच्या चिक्कोडी, निपाणी, अथणी पट्ट्यात अडचणीचे रूप वेगळे आहे. तिथे कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा यांचे पूर आहेत आणि उसाच्या हंगामात टोळ्यांबरोबर आलेल्या गरोदर स्त्रिया आहेत, ज्यांची नोंद त्यांच्या गावाकडच्या उपकेंद्रात असते आणि कळा मात्र कारखान्याजवळच्या झोपडीत सुरू होतात. अशा जिल्ह्यात सगळा भार बेळगाव शहरावर टाकून चालणार नाही, हे नकाशा पाहणाऱ्या कोणालाही कळावे.

कागदावर व्यवस्था चांगली आहे. मैदानी भागात ३०,००० आणि डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ३० खाटांचे सामुदायिक आरोग्य केंद्र, त्यावर तालुका रुग्णालय आणि शेवटी जिल्हा रुग्णालय, अशी ही उतरंड आहे. तिची कल्पना १९४६ च्या भोर समितीच्या अहवालापासून चालत आलेली आहे आणि ती चुकीची नाही. उणीव मधल्या पायऱ्यांवर आहे. केंद्र सरकारच्याच ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या तुलनेत सुमारे ८० टक्के तज्ज्ञ डॉक्टर कमी होते. शल्यविशारद, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ या चारही पदांची स्थिती थोड्याफार फरकाने सारखीच होती. म्हणजे पाटी आहे, खाटा आहेत, औषधांची खिडकी आहे, आणि ज्याच्यासाठी हे सगळे उभे केले तो माणूस नाही.

ही उणीव रेफरच्या चिठ्ठीत दिसते. अर्ध्या पानाच्या त्या कागदावर रुग्णाचे नाव, वय, गाव, रक्तदाब, नाडीचे ठोके, दिलेले इंजेक्शन आणि खाली एक ओळ असते: पुढील उपचारासाठी वरच्या रुग्णालयात पाठवले आहे. कारणाच्या रकान्यात कधी ‘भूलतज्ज्ञ उपलब्ध नाही’, कधी ‘रक्त उपलब्ध नाही’ असे लिहिलेले असते. अनेकदा नुसतेच ‘उच्च जोखीम’ लिहून तो रकाना भरलेला असतो. चिठ्ठी लिहिणारी सिस्टर किंवा तरुण वैद्यकीय अधिकारी इथे दोषी नसतात. सोय नसताना रुग्णाला ठेवून घेणे हाच गुन्हा ठरेल, हे त्यांना ठाऊक असते. मग सासू-सुनेची जोडी १०८ ची वाट पाहत व्हरांड्यात बसते. गाडी आली की बेळगाव, तिथे खाट नसली की आणखी कुठेतरी, आणि या दगदगीत रात्र सरते. चिठ्ठी हातात घेऊन निघालेल्या प्रत्येक कुटुंबाबरोबर तालुक्याच्या रुग्णालयावरचा विश्वासही थोडा थोडा निघून जातो, आणि पुढच्या वेळी ते घर सरळ खासगी दवाखान्याची पायरी चढते, मग त्यासाठी दागिना गहाण पडला तरी चालेल. रुग्ण कमी होतात म्हणून पदे भरली जात नाहीत आणि पदे नाहीत म्हणून रुग्ण येत नाहीत, अशा चक्रात रुग्णालय सापडते.

‘खानापूरहून बेळगाव २६ किलोमीटर, अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता, मग प्रत्येक तालुक्यात शस्त्रक्रियेचा खर्च कशाला?’ असे विचारणारे अधिकारी आणि सुशिक्षित मित्र भेटतात. त्यांचा हिशेब खानापूर बसस्थानकापासून सुरू होतो. बाळंतिणीचा हिशेब कणकुंबीच्या पलीकडच्या वाडीपासून सुरू होतो आणि त्यात गाडी मिळण्याची वाट, घाटातले धुके, तालुक्याला तपासणी आणि पुन्हा दुसऱ्या गाडीची वाट, हे सगळे धरावे लागते. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव सुरू झाला, तर उपचाराविना साधारण दोन तासांत जीव जाऊ शकतो. मातामृत्यूचे प्रमाण पाहिले तर २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे कर्नाटकात ६९, महाराष्ट्रात ३३ आणि केरळमध्ये १९ माता दगावत होत्या. दक्षिणेतल्या एका प्रगत राज्याला हा आकडा शोभणारा नाही, आणि त्याचा मोठा भाग अशा वाटेवरच्या तासांत दडलेला आहे, असे मला वाटते.

इथे बेळगावबद्दलची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्यालाच फारशी माहीत नाही. याच जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रात, जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह १,६२० बाळंतिणींवर एक चाचणी केली होती. डॉक्टर जवळ नसताना परिचारिकेने बाळंतपणानंतर लगेच मिसोप्रोस्टॉलची गोळी दिली, तर रक्तस्राव आटोक्यात राहतो का, हे त्यांना पाहायचे होते. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही या कामासाठी ही गोळी आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आपल्या खेड्यांतल्या परिचारिकांनी जगाला शिकवले, याचा मला अभिमान आहे. पण त्याच अनुभवाचा दुसरा भाग असा, की गोळीने सगळेच रक्तस्राव थांबत नाहीत, आणि जे थांबत नाहीत त्यांच्यासाठी जवळच्या रुग्णालयात रक्ताची पिशवी आणि शस्त्रक्रिया करणारा हात लागतो. तो दुसरा भाग आपण पूर्ण केला नाही.

तो पूर्ण करण्यासाठी काय लागते? पहिली आणि सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे नेमणूक एकेका डॉक्टरची न करता संपूर्ण चमूची करणे. स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि भूलतज्ज्ञ नाही, अशा रुग्णालयात सिझर होत नाही. भूलतज्ज्ञ आहे आणि बालरोगतज्ज्ञ नाही, तिथे कमी दिवसांचे बाळ जन्मताच रेफर होते. तिघेही आहेत आणि रक्त साठवण्याचे केंद्र बंद आहे, तर गुंतागुंतीच्या बाईला हात लावायला कोणी धजत नाही. आज बदल्यांचे आदेश पदनिहाय निघतात, त्यामुळे एका तालुक्यात शल्यविशारद बसून आणि शेजारच्या तालुक्यात भूलतज्ज्ञ बसून, असा दोन्हीकडचा पगार वाया जातो. जिल्ह्यातल्या सगळ्याच रुग्णालयांत एकदम पूर्ण चमू देता येणार नसेल, तर निवडक चार-पाच ठिकाणी, समजा खानापूर, चिक्कोडी, अथणी, गोकाक आणि सौंदत्ती येथे, प्रत्येक विषयाचे दोन-दोन तज्ज्ञ देऊन ती खऱ्या अर्थाने चोवीस तास चालवावीत, आणि उरलेल्या ठिकाणांहून रुग्णाला तिथे पोहोचवण्याची हमी द्यावी. सगळीकडे अर्धे-अर्धे वाटण्यापेक्षा हे मला न्याय्य वाटते, जरी आपल्या तालुक्याचे नाव त्या यादीत नसेल तर आपण ओरड करणार हे उघड आहे. दोन-दोन तज्ज्ञांचा आग्रह यासाठी, की एकटा स्त्रीरोगतज्ज्ञ महिन्याच्या तीसही रात्री जागू शकत नाही. तशी अपेक्षा ठेवणारी व्यवस्था वर्षभरात त्याला राजीनाम्यापर्यंत आणते आणि मग ‘डॉक्टर खेड्यात राहत नाहीत’ म्हणून त्याच्याच नावाने बोटे मोडते.

भूलतज्ज्ञ मिळत नसतील तर वाट बंद होते असेही नाही. एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांत जीवरक्षक भूल देण्याचे आणि १६ आठवड्यांत तातडीच्या प्रसूतिसेवेचे शिक्षण देण्याचे अभ्यासक्रम देशात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या काळापासून चालत आले आहेत. अडचण शिक्षणानंतरच्या नेमणुकीत येते. शिकून आलेल्या डॉक्टरला अनुभवी माणसाची सोबत मिळाली नाही, तर तो पहिल्या काही महिन्यांतच धीर सोडतो आणि पुन्हा ओपीडीत सर्दी-खोकला पाहू लागतो. ही सोबत देण्याची ताकद बेळगावकडे आहे. शहरात सरकारी आणि खासगी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि २०२० च्या नियमानुसार पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीच्या रुग्णालयात काम करणे बंधनकारक झाले आहे. ही फिरती आमच्या तालुका रुग्णालयांपर्यंत आणावी, आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी त्यांच्या शिक्षकांनीही तिथे शस्त्रक्रिया कराव्यात. राहायला बरे क्वार्टर, पाणी आणि रात्री सुरक्षारक्षक एवढे तरी त्या मुलामुलींना द्यावेच लागेल.

सक्तीच्या सेवेवर माझा फारसा विश्वास नाही. कर्नाटकाने २०१२ मध्ये वैद्यकीय पदवी घेणाऱ्यांसाठी वर्षभराच्या सक्तीच्या सेवेचा कायदा केला. वर्ष भरायला आलेला डॉक्टर परिसर ओळखू लागतो तोवर त्याचे वर्ष संपते. तमिळनाडूने सरकारी सेवेत ग्रामीण भागात राबणाऱ्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागांचा मोठा वाटा राखून ठेवला आणि त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. खेड्यात काही वर्षे काढली तर तज्ज्ञ होता येते, आणि तज्ज्ञ होऊन पुन्हा सरकारी सेवेतच यावे लागते, ही वाट माणसाला टिकवून ठेवते. तमिळनाडूच्या सरकारी रुग्णालयांत आज जे तज्ज्ञ दिसतात त्यामागे हे धोरण आहे.

बाळंतपणाखेरीज रात्रीचे दोन प्रसंग इथे नेहमीचे आहेत. एक सर्पदंश. खानापूरच्या भातशेतीत आणि उत्तरेच्या उसाच्या फडात घोणस, नाग, मण्यार हे सगळे आहेत. मण्यार रात्री अंथरुणात चावते, जखम धड दिसतही नाही, पोटात दुखते, पापण्या जड होतात आणि मग श्वास मंदावतो. अशा वेळी प्रतिविषाच्या दहा कुप्या आणि हाताने दाबायची श्वासाची पिशवी चालवणारा प्रशिक्षित माणूस एवढ्यावर जीव तगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकाने सर्पदंशाची नोंद बंधनकारक केली, हे चांगले झाले; आता ती नोंद पाहून प्रतिविषाचा साठा पावसाळ्याआधी प्राथमिक केंद्रांपर्यंत पोहोचला पाहिजे. दुसरा प्रसंग हृदयविकाराच्या झटक्याचा, आणि त्यात मात्र राज्याने खरोखर वाट दाखवली आहे. ‘डॉ. पुनीत राजकुमार हृदय ज्योती’ योजनेत तालुका रुग्णालयात काढलेला ईसीजी मोठ्या रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ पाहतात आणि गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेजचे महागडे इंजेक्शन तालुक्यातच मोफत दिले जाते. रुग्ण पुढे जातोच, पण उपचार सुरू होऊन जातो. हीच रीत बाळंतपणाला, सर्पदंशाला आणि अपघाताला लावता येईल. दूरच्या तज्ज्ञाने नुसता सल्ला देऊन भागत नाही, त्या सल्ल्यानुसार करायला लागणारे औषध त्याच टेबलावर हवे, एवढे त्या योजनेने सिद्ध केले.

औषधांच्या बाबतीत साठ्याइतकीच गुणवत्ताही पाहावी लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये बळ्ळारीच्या सरकारी रुग्णालयात सिझरनंतर बाळंतिणींचे मृत्यू झाले, सलाईनवर संशय आला आणि राज्याला त्या सलाईनचा वापर थांबवावा लागला. गरीब बाई सरकारी रुग्णालयात विश्वासाने येते. तो विश्वास एका बाटलीने घालवला तर दहा इमारतींनी परत येत नाही.

आता सीमेचा प्रश्न. रोगी रस्ता पाहून चालतो, राज्य पाहून चालत नाही. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर आणि बेळगाव सुमारे ७५. कागवाडला मिरज जवळची आणि अथणीलाही बेळगावपेक्षा मिरज निम्म्याहून कमी अंतरावर. मिरजेत १८९४ मध्ये वानलेस मिशन रुग्णालय सुरू झाले तेव्हापासून या भागातला रोगी तिकडे जातो. त्या काळी वाटेत संस्थानांच्या हद्दी होत्या, त्याही त्याने मानल्या नाहीत. उलट दिशेने कोल्हापूर जिल्ह्यातला चंदगड तालुका शिनोळीमार्गे बेळगावला येतो, कारण कोल्हापूर त्याला फार लांब पडते. म्हणजे दोन्ही राज्यांचे रुग्ण एकमेकांच्या रुग्णालयांवर अवलंबून आहेत आणि दोन्ही राज्यांच्या योजना मात्र हद्दीवर येऊन थांबतात. आयुष्मान भारतच्या केंद्रीय यादीतल्या कुटुंबाला देशात कुठेही उपचार घेता येतात, पण राज्यांनी स्वतःच्या पैशाने जोडलेल्या कुटुंबांना ती मुभा सरसकट नाही. त्यातच कर्नाटकाच्या आरोग्य योजनेत तातडीचे ठरावीक उपचार वगळता सरकारी रुग्णालयाची रेफरची चिठ्ठी लागते. ज्या चिठ्ठीने बाळंतिणीला दारातून परत पाठवले जाते, तीच गुडघ्याच्या किंवा मूत्रपिंडाच्या उपचारासाठी मिळवायला माणसाला चकरा माराव्या लागतात.

एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने कर्नाटकातल्या ८६५ सीमावर्ती गावांसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य ही आपली विमा योजना लागू केली आणि ५४ कोटी रुपयांची तरतूद केली. कर्नाटक सरकारने त्याला तीव्र आक्षेप घेतला. सीमाभागातला मराठी माणूस म्हणून त्या निर्णयामागची आपुलकी मला कळते आणि एखाद्याची शस्त्रक्रिया त्यातून झाली असेल तर मला आनंदच आहे. पण विम्याचा पैसा रुग्णाच्या मागोमाग जातो. तो कोल्हापूर-सांगलीच्या रुग्णालयाला मिळतो, खानापूरच्या रुग्णालयात त्याने एक सिस्टरही वाढत नाही. आणि कर्नाटकाचा आक्षेपही मूळ मुद्द्याला भिडत नाही, कारण आपल्या नागरिकाला शेजारच्या राज्याकडे उपचारासाठी पाहावे लागते, तर त्याचे उत्तर आपल्या तालुका रुग्णालयात भूलतज्ज्ञ नेमून द्यायचे असते. १ नोव्हेंबर १९५६ पासूनचा सीमावाद आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा आपल्या गतीने चालेल, आणि त्यावरची माझी भूमिका मी कधी लपवलेली नाही. मात्र निकालाची वाट पाहत कोणाचे बाळंतपण थांबत नाही. बेळगाव, कोल्हापूर, सांगली या जिल्ह्यांच्या प्रशासनांनी दोन्ही सरकारांच्या संमतीने एक साधा करार करावा: तातडीच्या रुग्णाला १०८ ची गाडी जवळच्या सक्षम रुग्णालयात नेईल, मग ते कोणत्याही राज्यात असो, दोन्हीकडची आरोग्य कार्डे तातडीच्या उपचारासाठी दोन्हीकडे चालतील, आणि खर्चाचा हिशेब सरकारे आपापसात वर्षाअखेरीस करतील. पुराच्या वेळी कोयना आणि अलमट्टीच्या पाण्यावर दोन्ही राज्यांचे अभियंते एकमेकांशी बोलतात. आरोग्य अधिकाऱ्यांनीही तसेच बोलायला हरकत नसावी.

भाषेचा मुद्दा मी इथे हक्काइतकाच उपचाराचा म्हणून मांडतो. खानापूरच्या पश्चिम भागातल्या आजीला ‘गोळी जेवणाआधी की नंतर’ हे कन्नडमध्ये सांगितले तर ती मान डोलावते आणि घरी जाऊन चुकीची घेते. सिझरच्या संमतीपत्रावर अंगठा देणाऱ्या नवऱ्याला त्यात काय लिहिले आहे हे त्याच्या भाषेत कळले पाहिजे. जिथे १५ टक्क्यांहून अधिक लोक अल्पसंख्य भाषेचे आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे संरक्षण देशाने मान्य केलेले आहे. तायी कार्ड म्हणजे गरोदर मातेचे नोंदपत्र, औषधांची पाकिटे, संमतीपत्रे आणि सूचनाफलक कन्नडबरोबर मराठीतही छापणे फार खर्चाचे काम नाही. तितक्याच आदराने हेही सांगतो, की आमच्या गावांत राबणाऱ्या अनेक कन्नडभाषक सिस्टर आणि आशा ताई रुग्णाशी मोडक्यातोडक्या का होईना मराठीत बोलतात. त्यांच्याशी भांडून हा प्रश्न सुटणार नाही, त्यांना मदत करून सुटेल. या आशा ताईंना आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांना मानधन वेळेवर मिळत नाही, हेही रुग्णालय खचण्याचे एक कारण आहे.

पैशाचे उत्तर ठाऊक आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्के सार्वजनिक खर्चाचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२१-२२ मध्ये, कोविडच्या काळातही, तो १.८४ टक्के होता. हा आकडा बेळगावातून बदलता येत नाही. पण प्रत्येक सरकारी रुग्णालयात आरोग्य रक्षा समिती असते, तिच्यात लोकप्रतिनिधी असतात, तिच्याकडे थोडा का होईना स्वतःच्या निर्णयाने वापरता येणारा निधी असतो. रक्ताचा फ्रीज, जनरेटरचे डिझेल, ऑक्सिजन संचाची देखभाल एवढे त्यातून होऊ शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे समितीच्या प्रत्येक बैठकीत रेफर रजिस्टर टेबलावर यावे: या तीन महिन्यांत किती रुग्ण पुढे पाठवले, किती वाजता पाठवले आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिले. ही माहिती रुग्णांची नावे वगळून तालुका पंचायतीच्या फलकावर लावावी. ग्रामपंचायत सदस्यांनी, महिला मंडळांनी, युवक मंडळांनी आणि मराठी-कन्नड दोन्ही संघटनांनी पुढच्या बैठकीत नव्या इमारतीची मागणी करण्याआधी या रजिस्टरची मागणी करावी, आणि ‘भूलतज्ज्ञ उपलब्ध नाही’ ही नोंद ज्या महिन्यात दिसेल त्या महिन्यात जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून तिचे लेखी उत्तर घ्यावे.